सावडीला दहा डोकी

अवसरी बुद्रुक
१२ मार्च २०२५

चि. वृषालीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून मामा कागद का खरडतोय, असं तुला वाटेल. ऑपरेशनपासून माझ्या तोंडात शब्द अडकतो, हे तुला माहीत आहेच. फोनवर मी नुसता "वृ... वृ..." करत राहतो आणि पलीकडचा माणूस रेंज गेली समजून फोन ठेवतो. हाताला मात्र काही झालेलं नाही. लिहायला बसलो की मी पूर्वीइतकाच वटवट्या आहे, असं तुझी मामी म्हणते.

परवाच्या गुरुवारी तुझ्या दवाखान्यातून निघालो तेव्हा तुझ्याशी नीट दोन शब्द बोलता आले नाहीत, ते आता लिहितो. दोन वर्षांपूर्वी डोक्यातली गाठ काढली, मग शेक दिले, आणि यंदा फोटोत त्याच जागी पुन्हा पांढरं दिसलं. आमच्या पोरानं, अमृतनं, तर गाठ परत आलीच असं धरून जेवण सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, कवटी पुन्हा उघडून बघावं लागेल. तेव्हा तू मला त्याच मशीनमध्ये आणखी पाऊण तास झोपवलंस. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना घेऊन आलीस आणि म्हणालीस, "मामा, तिथं काही वाढत नाहीये. शेकानं मेलेला भाग आहे तो." ना सुई, ना चाकू. घरी येताना मंचरच्या स्टँडवर मी दोन प्लेट भजी खाल्ली.

अमृत विचारत होता, न उघडता आतलं कळलं कसं. मी त्याला पाटीवर लिहून दाखवलं, "आपण कांदा साठवायची बराख उघडतो का? शेजारून चाललं तरी कुठल्या खणात कांदा सडला ते वासावरून कळतं." तो म्हणाला, "दादा, मशीन वास घेत न्हाई." मी पाटी पुसली आणि लिहिलं, "तू गप."

पोरी, तुझे उपकार कसे मानावेत ते मला कळत नाही. बटाट्याचं पोतं पाठवून भागण्यातलं हे काम नाही. तुझ्या कामाला माझा काही उपयोग असेल तर सांग. लाजू नकोस.

तुझा
भगवंतमामा


पुणे
२० मार्च २०२५

ती. मामांस, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग आमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मशीन वास घेत नाही हे अमृतदादाचं खरं आहे, पण तुमचंही फार चुकलेलं नाही. नेहमीचा एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो. मी करते ती स्पेक्ट्रोस्कोपी आत कुठली रसायनं किती आहेत ते सांगते. साखरेच्या खड्याएवढी जागा धरायची आणि तिथल्या पेशी काय करताहेत त्याचा आलेख काढायचा. गाठ जिवंत असून वाढत असेल तर कोलीन नावाच्या रसायनाचं टोक उंच जातं. तुमच्या आलेखात ते जमिनीला टेकलेलं होतं. ते बघून मी खुर्चीतच रडले, हे तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही. आणि निर्णय मोठ्या डॉक्टरांचा होता, सगळं श्रेय मला देऊ नका.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रोग्यांचे आलेख माझ्याकडे पुष्कळ आहेत, पण ते ताडून बघायला पन्नास ते पासष्ट वयाच्या दहा निरोगी पुरुषांचे आलेख हवेत. शहरात कुणी मिळत नाही. काही झालेलं नसताना पाऊण तास नळीत कोण झोपणार? गावात कुणी तयार असेल तर बघा, मात्र आग्रह अजिबात नको. ज्याला मनापासून यायचंय त्यानंच यावं.

तुमची
वृषाली


अवसरी बुद्रुक
४ एप्रिल २०२५

चि. वृषालीस, आशीर्वाद.

दहा माणसं म्हणालीस, दहा तयार आहेत. यादी सोबत जोडली आहे.

हे कसं जमलं ते ऐक. माझ्या आजारपणाच्या वर्षी कांद्याचं रोप वाफ्यात तसंच उभं होतं आणि मी दवाखान्यात. तेव्हा दहा घरांतून एकेक माणूस आला आणि दोन दिवसांत सगळी लागवड उरकली. ही आमची सावड. आज तुझ्या घरचा माणूस माझ्या रानात, उद्या माझ्या घरचा तुझ्या रानात. त्याच दहा घरांना मी सांगितलं, पुढच्या हंगामात मी आणि अमृत प्रत्येकाच्या रानात दोन-दोन दिवस राबू, त्याच्या बदल्यात वृषालीच्या मशीनमध्ये एकेक डोकं द्या. सगळे हसले आणि हो म्हणाले.

यादीत पहिलं नाव आमच्या शेजारच्या गेणभाऊचं आहे. वय अठ्ठावन्न, तब्येत रेड्यासारखी आणि बोलायला वाघ. "आपलं डोकं तर रिकामंच हाय, मशीनला तरास न्हाई व्हायचा," असं पारावर सगळ्यांसमोर म्हणाला. तू अमृतला फोनवर सत्तावीस तारखेचा रविवार दिला आहेस, तेव्हा अमृत सगळ्यांना पिकअपमधून घेऊन येईल. मला गाडीत जागा नाही, मी घरीच थांबतो.

तुझा मामा


पुणे
६ मे २०२५

ती. मामांस, सा. नमस्कार.

त्या रविवारी मी तापानं झोपून होते, म्हणून माझी सहकारी मोहिनी हिनं सगळं पाहिलं. दहाही जण शहाण्यासारखे झोपले, कुणी हललं नाही, असं ती म्हणाली. सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. तुम्ही माझं सहा महिन्यांचं काम एका दिवसात केलंत.

एक छोटं काम आहे. गेणभाऊंच्या वेळी मशीननं जरा घोळ घातला, त्यांना पुन्हा एकदा यावं लागेल. रविवार, अठरा तारखेला तुम्ही त्यांना घेऊन याल का? काळजीचं काही नाही. गावात चर्चा मात्र नको.

तुमची वृषाली


अवसरी बुद्रुक
१९ मे २०२५

चि. वृषालीस, आशीर्वाद.

काल तुझी गडबड होती, म्हणून तिथं काही विचारलं नाही. तू सांगितल्याप्रमाणे मी घरातसुद्धा बोललो नव्हतो. गेणभाऊला तेवढं म्हणालो की मशीन बिघडलं होतं, पुन्हा यायचंय. अमृतला मंचरला कामाला पाठवलं आणि आम्ही दोघं एसटीनं आलो.

पण हा गडी मला काही ठीक वाटत नाही. पुण्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. एरवी कंडक्टरलासुद्धा सोडत नाही. वाटेत दिसेल त्या देवळाला हात जोडत होता. तुमच्या मशीनकडे तर असा बघत राहिला की जन्मात पहिल्यांदा बघतोय. "दार उघडंच ऱ्हाईल ना ताई?" असं त्यानं तुला तीनदा विचारलं, तूही ऐकलंस. बाहेर आला तेव्हा सदरा घामानं चिंब आणि तिथं तर एसी. मग पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "भगवंता, झालं एकदाचं."

मला खरं सांग. त्याच्या डोक्यात काही आहे का? मी माझा आजार पचवला, त्याचाही पचवीन. पण मला अंधारात ठेवू नकोस.

तुझा मामा


पुणे
२२ मे २०२५

ती. मामांस,

हे पत्र माझा भाऊ ऋषी याच्या हाती पाठवते आहे, तो आज मंचरला येतोय. पोस्टाची वाट बघायला वेळ नाही.

गेणभाऊंच्या डोक्यात काहीही नाही. त्यांचा मेंदू स्वच्छ आहे. पण सत्तावीस एप्रिलला त्यांच्या नावावर जो माणूस मशीनमध्ये झोपला, तो दुसराच कुणीतरी होता. दोन्ही फोटो मी शेजारी ठेवून पाहिले. माणसाचा मेंदू तीन आठवड्यांत बदलत नाही. कवटीचा आकार वेगळा, घड्या वेगळ्या.

आता मी लपवलेलं सांगते. त्या पहिल्या फोटोत उजव्या बाजूला एक फिकट डाग होता. नुसत्या फोटोवरून काहीच ठरलं नसतं, जुना मार असू शकतो, एखादा जुना आजार असू शकतो. मोहिनीनं तिथला आलेख काढला. कोलीन वाढलेलं आहे. शिवाय एक असं रसायन सापडलं जे निरोगी मेंदूत जवळजवळ नसतंच. ते सावकाश वाढणाऱ्या एका जातीच्या गाठीत तयार होतं. म्हणजे ती गाठ आहे, पण अजून लहान आहे आणि वेळ आहे. आत्ता काढली तर माणूस पुष्कळ वर्षं जगेल. दोन-चार वर्षांनी ती आपण होऊन कळेल, तेव्हा डॉक्टरांच्या हातात फार काही उरणार नाही.

तुम्ही घाबराल, गेणभाऊ घाबरतील, म्हणून मी मशीनवर ढकललं. खरं लिहिलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी सांगितलं असतं. माझ्यामुळे दोन आठवडे गेले. मामा, तो माणूस कोण आहे?

वृषाली


अवसरी बुद्रुक
२४ मे २०२५

चि. वृषालीस, आशीर्वाद.

तो माणूस सापडला. सगळं सविस्तर लिहितो.

तुझं पत्र घेऊन मी तडक गेणभाऊच्या गोठ्यात गेलो आणि कागद त्याच्या हातात दिला. वाचता वाचता तो खाली बसला. "भगवंता, त्या दिवशी माझी गाय व्यायला झाली व्हती. म्हणून जानकूला धाडला."

जानकू भीमाशंकरच्या अलीकडच्या एका वाडीतला. वरती भात-नाचणी करतो आणि दिवाळीनंतर खाली येऊन गेणभाऊच्या रानात बटाटा-कांद्याचं काम करतो. बारा वर्षं झाली, हंगामभर गेणभाऊकडेच राहतो, तिथंच जेवतो. सावडीत असंच असतं बघ, नाव घराचं घ्यायचं, मग घरातला कुणीही जाईना का. मोहिनीनं यादी वाचली, "गेणभाऊ?" जानकूनं हात वर केला, "व्हय." गाडीतल्या नऊही जणांना ठाऊक होतं, अमृतलाही. कुणालाच ते सांगण्यासारखं वाटलं नाही. तुमच्या शास्त्रात डोक्याला डोकं चालत नाही, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात जानकू वाडीवर निघून गेला होता.

वाडीवर फोन लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतनं आम्हा दोघांना डांबरी संपते तिथपर्यंत सोडलं, पुढे तासभर चढण. जानकू खाचराचा बांध घालत होता. आम्हाला बघून लई आनंदला. "या पावणं! कशी वाट चुकला?"

आता सांगायचं कुणी? मला बोलता येत नाही आणि बोलणारा वाघ बोलेना. गेणभाऊ नुसता त्याच्या हाताला धरून उभा. शेवटी मीच टोपी काढली, जानकूचा मातकट हात उचलला आणि माझ्या डोक्यावरच्या खाचेवर ठेवला. मग त्याच्या डोक्याला हात लावला. म्हणालो, "तु... तुझ्यात बी." एवढं म्हणायला मला किती वेळ लागला ते देवाला ठाऊक.

त्याला कळलं. पण ऐकेना. "दुखत न्हाई, खुपत न्हाई. चांगलं डोकं कशापायी फोडू?" मी त्याला तुझं पत्र वाचायला दिलं तर म्हणाला, कागदावर काय बी येतं.

तेवढ्यात त्याची बायको साळुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, ती तशीच थांबली. ती म्हणाली, "मी सांगते. औंदा दोनदा झालं. नांगर धरल्याला माणूस मधीच थांबतो. बैलं म्होरं जात्यात आन् ह्ये तितंच. हाक मारली तरी वळत न्हाईत. मी म्हणलं, ऊन लागलं आसंल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमी जायाचं. मी बी येते."

"आन् भाताची लावणी? आवणात रोपं कोण लावल, तू न्हाई मी न्हाई तर?"

तेव्हा कुठं गेणभाऊच्या तोंडातून आवाज निघाला. "लावणी आमची. दहा घरं येत्याल."

मंगळवारी जानकू आणि साळुबाई तुझ्याकडे येताहेत. या खेपेला त्याच्या स्वतःच्या नावावर.

तुझा मामा


पुणे
२४ जुलै २०२५

ती. मामांस, साष्टांग नमस्कार.

फोनवर अमृतदादाला सगळं कळवलंच आहे, तरी तुम्हाला कागदावर हवं असणार.

गाठ जवळजवळ पूर्ण निघाली. प्रयोगशाळेचा अहवाल आला. आलेखानं जी जात सांगितली होती, तीच निघाली. आमचे सर्जन सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. तो कागद घेऊन ते स्वतः आमच्या खोलीत आले आणि म्हणाले, "हा माणूस तुमच्याकडे निरोगी म्हणून आला होता?" मी हो म्हटलं. त्यांनी तो कागद पुन्हा वरपासून वाचला.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी जानकूकाकांना विचारलं, "नाव काय तुमचं?" ते म्हणाले, "गेणभाऊ." डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. मेंदूला धक्का लागला असं वाटून ते मला हाक मारायला निघाले, तर मागून आवाज आला, "थट्टा केली सायेब. जानकू." साळुबाईंनी पलंगाजवळ जाऊन त्यांना असं झापलं की शेजारचे पेशंट उठून बसले.

अमृतदादानं पाठवलेला लावणीचा व्हिडिओ मी त्यांना दाखवला. दहा घरांची माणसं गुडघाभर चिखलात आणि पुढे गेणभाऊ. साळुबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही काय लावणी म्हनायची? बगळं चालल्यात जनू." मग पदर डोळ्यांना लावला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. असं चार वेळा.

दवाखान्याच्या संशोधन समितीला मी सगळं जसं घडलं तसं लिहून दिलं. ओळखपत्र न बघता माणसाला आत घेतलं, ही आमची चूक आणि तिच्याबद्दल मला बोलणी बसली, ती रास्त आहेत. माझ्या अभ्यासात जानकूकाकांचा आलेख आता धरता येणार नाही. दहावा निरोगी म्हणून गेणभाऊंचं स्वतःचं डोकं धरलं आहे, तसं त्यांना सांगा.

मामा, इतकी वर्षं मी आलेख बघते. कुणाचं काय चुकलं तेच बहुतेक वेळा त्यात दिसतं. यंदा तुमच्यामुळे मला एक माणूस वेळेवर भेटला. तुमचे आभार मानायला माझ्याकडे बटाट्याचं पोतंसुद्धा नाही.

तुमची
वृषाली


अवसरी बुद्रुक
१६ नोव्हेंबर २०२५

चि. वृषालीस, अनेक आशीर्वाद.

जानकूची दुसरी तपासणी चांगली आली, हे तू कळवलंस त्याच दिवशी मी पारावर पाटी लावली. मला बोलायला वेळ लागतो, पाटीला लागत नाही.

पण लिहायला बसलो ते कालच्या गोष्टीसाठी. काल जानकू आणि साळुबाई वाडीवरून आले. साळुबाईच्या डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. मला वाटलं आमच्याकडे येतील, म्हणून मामीनं चहा टाकला. पण ते थेट गेणभाऊच्या दारात गेले. मीही मागोमाग गेलो, आता तुझ्यापाशी काय लपवू, काय बोलतात ते ऐकायलाच गेलो.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. जूनपासून गेणभाऊ माणसांत नव्हता. लावणीला सगळ्यांत पुढे, दवाखान्यात भेटायला तीनदा, पण पारावर बसणं बंद. आपण धाडला म्हणून जानकूवर हे आलं, असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं होतं. मी किती समजावलं. म्हणजे लिहून समजावलं.

साळुबाईनं गाठोडं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि वाकून पाया पडली. गेणभाऊ दोन पावलं मागे सरला. "वयनी, आसं करू नगा," म्हणाला. "गाय व्यायला झाली न्हवती. ती आठवड्यानं व्याली. मी खोटं बोललो. पारावर मोठ्या गमजा मारल्या, आन् सकाळी गाडी आली तवा पायात बळ ऱ्हायलं न्हाई. त्या नळीत मला घालनार, वरनं बंद करनार, म्हणून मी भ्यालो. म्हणून जानकूला म्होरं केला. एवढंच. मी काय बी चांगलं केलं न्हाई तुमचं."

जानकू तेवढा गालात हसत होता. त्याला हे पहिल्यापासून ठाऊक असावं, असं मला वाटतं. गाय तोच सांभाळायचा.

साळुबाई उभी राहिली. पदर सारखा केला आणि गेणभाऊच्या डोळ्यात बघून म्हणाली, "भाऊ, तुमी भ्याला न्हसता तर ह्ये कवा मशीनमधी गेलं असतं? बरं झालं भ्यालात."

आणि चूल कुठं आहे ते न विचारता भात टाकायला आत गेली.

तुझा
भगवंतमामा